दारातला जांभळा रंग: पोळ्यानंतर लावा, तुळशीच्या लग्नापर्यंत टिकवा

विचारलेलं थोडक्यात असं. घर धुळ्यात, तोंड पूर्वेला, समोर तीन पायऱ्यांचा ओटा, वर मोकळी गच्ची. गुलाबाई (खानदेशातला मुलींचा सण) बसल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत दारात आणि बैठकीत जांभळ्या फुलापानांची सजावट करायची आहे. मोबाइलवर परदेशातल्या ऑटमच्या सजावटीचे फोटो पाहिलेत: जांभळं हेदर (थंड मुलखातलं बारीक फुलांचं झुडूप), लॅव्हेंडर, शोभेची कोबी, भोपळे. मागच्या वर्षी ॲस्टर आणि रंगीत पानांच्या कोलिअसच्या कुंड्या आणल्या, त्यांनी दसऱ्याआधीच माना टाकल्या. उरलंसुरलं दिवाळीच्या रात्री फोटोत काळंच दिसलं. आता ऑनलाइन हेदर आणि लॅव्हेंडर मिळतंय, ते मागवावं का?

ताई, मागवू नका. हेदरला आम्लधर्मी माती आणि थंड, ओलसर हवा लागते. आपली काळी जमीन बेसाल्टच्या खडकाची, तिच्यात चुनखडी, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास. अशा जमिनीत हेदरला लोह उचलता येत नाही आणि ते पिवळं पडत जातं. कुंडीत वेगळी माती भरली तरी बोअरचं पाणी क्षारांचंच, महिन्या-दोन महिन्यांत कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसायला लागतात. लॅव्हेंडरला कोरडेपणा चालतो, पण श्रावण-भादव्यातल्या ओलीत त्याची मुळं कुजतात. हिवाळ्यात कुंडीत ते काही महिने छान राहतं, मात्र तुमचे दिवस त्याआधीचे आहेत. शोभेच्या कोबीला जांभळा रंग चढायला रात्रीचं तापमान दहा अंशांच्या आसपास उतरावं लागतं. आपल्याकडे ते डिसेंबर-जानेवारीत, दसऱ्याला ती नुसती हिरवी कोबी दिसेल.

मुळात तिकडचा ऑटम म्हणजे थंडीची चाहूल आणि पानगळ. आपली पानगळ माघ-फाल्गुनात. आपला शरद म्हणजे पाऊस उघडल्यावर तापणारं ऊन. ऑक्टोबरात दुपारी पारा पस्तीसच्या घरात, पहाट जराशी गार आणि हवा दिवसागणिक कोरडी. या उन्हात नाजूक पाकळी तीन-चार दिवसांत विटते. म्हणून आमच्या धंद्यात आम्ही एक गोष्ट धरून चालतो: शरदात जांभळा रंग पानांत उभा करायचा आणि फुलं वरून घालायची, बदलायची. तुम्ही मागच्या वर्षी सगळी भिस्त फुलांवर ठेवलीत, तिथंच गणित फसलं.

पानांत पहिला नंबर पर्पल हार्टचा. नर्सरीवाले हेच नाव घेतात, शास्त्रीय नाव ट्रॅडेस्कँशिया पॅलिडा. लांबट, गर्द जांभळी, किंचित लवदार पानं, मऊ रसाळ दांडा आणि सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारं तीन पाकळ्यांचं फिकट गुलाबी-जांभळं फूल. शेजारीपाजारी नक्की कुणाकडे तरी असेल, विकत घ्यायचीही गरज नाही. पोळा नुकताच झालाय म्हणजे दसऱ्याला अजून जवळपास चाळीस दिवस आहेत, तेवढे याला पुरतात. बोटभर लांबीचे शेंडे दोन पेरांखाली तोडा, खालची पानं काढा आणि आठ-दहा इंची कुंडीत सात-आठ शेंडे दाटीनं खोचा. एकच शेंडा लावून तो पसरायची वाट बघत बसलात तर दिवाळी उजाडेल. आठवडाभर सावलीत ठेवा, नवी पालवी दिसली की सरळ उन्हात. हे ऊन फार महत्त्वाचं. सावलीत पर्पल हार्ट हिरवट-राखाडी होतं, दांडे लांबतात आणि मग लोक म्हणतात, ‘रोप खराब निघालं.’ त्याचा रस काहींच्या कातडीला खाजतो, तोडताना लहान मुलांना लांब ठेवा.

रंग उन्हात का चढतो हे कळलं तर बाकी झाडांचंही कोडं सुटेल. पानातला जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. भरपूर उजेड आणि गार रात्र असली की पान ते जास्त तयार करतं. उजेड कमी असेल किंवा नत्र जास्त झालं असेल तर हिरवं वरचढ होतं. म्हणून जांभळ्या पानांच्या कुंड्यांना युरियाचा दाणाही दाखवू नका, मूठभर गांडूळखत पुरे. कोजागिरीनंतर पहाटे गारवा वाढला की याच कुंड्या तुम्ही काही न करता गडद होतात. म्हणजे दसऱ्यापेक्षा तुळशीच्या लग्नाला त्या जास्त देखण्या दिसतील.

कोलिअसचं मात्र उलटं. त्याला उजेड हवा पण ऑक्टोबरचं दुपारचं ऊन सोसत नाही. तुमच्या ओट्यावर सकाळचं ऊन येतं ते त्याला उत्तम. मागच्या वर्षी कुंड्या गच्चीवर ठेवल्या होत्या की ओट्यावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पानांच्या कडा वाळून गुंडाळल्या असतील तर गच्चीच असणार. शिवाय काळी प्लॅस्टिकची कुंडी गच्चीच्या फरशीवर इतकी तापते की मुळं शिजतात. कोलिअस ओट्यावर आतल्या बाजूला ठेवा, मधला तुरा दिसला की लगेच खुडा, कारण फुलावर आलं की पानं लहान आणि मळकट होतात. शेंडे ग्लासभर पाण्यात ठेवले तरी दोन आठवड्यांत मुळं फुटतात. पानाखाली पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर ते पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून काढा आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारा.

तिसरं पान तुमच्या अंगणात आधीच असेल, कृष्णतुळस. तिचे दांडे आणि कोवळी पानं जांभळी, मंजिऱ्याही जांभळट. पावसानंतर ती मंजिऱ्यांनी लगडते आणि खालून उघडी पडते. आत्ता सगळ्या मंजिऱ्या खुडल्यात तर कार्तिकापर्यंत ती गोल, दाट होते. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी खुडणं थांबवा, म्हणजे नवरीच्या डोक्यावर कोवळे तुरे राहतील.

आता फुलं. ॲस्टर आपल्याकडे मिळतो तो चायना ॲस्टर, एका हंगामाचं रोप. परदेशी फोटोतले ॲस्टर वेगळे, ते वर्षानुवर्षं राहणारे. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले गणेश पर्पल’ आणि ‘फुले गणेश व्हायोलेट’ या जाती आहेत, बंगळुरूच्या संस्थेची ‘व्हायोलेट कुशन’ आहे. बियापासून फूल यायला तीन-साडेतीन महिने लागतात, म्हणजे दसऱ्याचा ॲस्टर आषाढातच पेरायला हवा होता. यंदा कुंडी विकतच घ्या, पण दसऱ्याच्या चार दिवस आधी घ्या आणि तीन-चार फुलं उमललेली, बाकी कळ्या रंग दाखवणाऱ्या अशी निवडा. पूर्ण उमललेली कुंडी दुकानात सुंदर दिसते आणि घरी आल्यावर उतरणीला लागते. तिला ओट्यावरच्या सजावटीत दोन-तीन दिवसांची पाहुणी समजा. सुटी ॲस्टरची फुलं फुलदाणीत ठेवायची असतील तर पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा, दांडा तिरका कापा आणि पाणी रोज बदला. त्याची पानं पाण्यात फार लवकर कुजतात, वास त्यांचाच येतो.

शरदातलं माझं सगळ्यात आवडतं जांभळं फूल म्हणजे गोंफ्रेना. बटणाएवढा गोल, हाताला कागदी लागणारा, किरमिजी-जांभळा गेंद. ऊन त्याला बाधत नाही. दोन दिवस पाणी घालायचं राहिलं तरी कुरकुर नाही. हारात ओवला तर चार-पाच दिवस तसाच, आणि दांड्यासकट तोडून जुडी उलटी टांगून सावलीत वाळवला तर वर्षभर रंग राखतो. बी आज पेरलंत तर दिवाळी ते तुळशीच्या लग्नाच्या दरम्यान फुलं मिळतील, दसऱ्याला हवी असतील तर तयार रोपं आणा. त्याच्या जोडीला अँजेलोनिया चालेल, उंच सरळ दांड्यावर जांभळी फुलं, कडक ऊन सोसणारी. पिटुनिया कुणी आत्ता गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, तो थंडीचा आहे. तेरडा तर निघून चाललाय. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण उगाच पडलेली नाही.

शेवंतीबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ती दिवस लहान व्हायला लागले की कळ्या धरते, आणि तिला रात्र सलग अंधाराची लागते. कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा रात्रभर जळणाऱ्या ओट्याच्या बल्बाखाली असेल तर कळ्या उशिरा येतात, कधी कधी येतच नाहीत. आत्तापासून ती गच्चीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, कळ्यांना रंग दिसला की खाली आणा.

बोगनवेल दारात असेल तर पावसाचं पाणी पिऊन ती आत्ता नुसती हिरवीगार असणार. पाऊस थांबल्यावर पाणी तोडा. पानं दुपारी मलूल व्हायला लागली की थोडं द्या, पुन्हा तोडा. कुंडीतली वेल असा ताण दिल्यावर दिवाळीच्या सुमाराला जांभळी होते. काळ्या जमिनीत लावलेली मात्र ऐकत नाही, खाली ओल बरेच दिवस टिकते. गोकर्ण वेलीवर रोज उमलेल, पण त्याचं फूल एका दिवसाचं. सकाळी तोडून पसरट भांड्यातल्या पाण्यावर सोडा, संध्याकाळी काढा. फोटोत तो जांभळा दिसतो, हातात घेतला की निळा, हेही लक्षात ठेवा.

विकतच्या फुलांपेक्षा आपल्या शिवारात जे जांभळं आहे त्याकडे धुळे-जळगावातले लोक बघतच नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं. केळफूल घ्या. रावेर, यावल, चोपड्याकडे बागांमध्ये वर्षभर कुठे ना कुठे निसवण (घड बाहेर पडणं) चालू असते. घडाच्या सगळ्या फण्या मोकळ्या झाल्या की शेतकरी खालचं केळफूल मोडून बांधावर टाकतो. मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. वीतभर लांब, टोकदार, बाहेरून जांभळट आणि त्यावर राखेसारखी पांढुरकी झाक. एक पाकळी उचलली की आतून लालभडक आणि तिच्या बुडाशी पिवळसर फुलांची ओळ. हे पितळेच्या तांब्यात उभं केलं की दुसऱ्या कुठल्या फुलाची गरज राहत नाही.

ते आणल्यावर मात्र घाई करू नका. कापलेल्या देठातून चीक गळतो, आधी पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की काळपट तपकिरी डाग पडतो. तो डाग धुऊन जात नाही, केळी कापणाऱ्या माणसांचे सदरे बघा. देठ खाली करून जुन्या बादलीत तासभर टांगा, मग फडक्यानं पुसून मांडा. वरची पांढुरकी झाक तशीच ठेवलीत तर रंग फिकट, धुकट जांभळा दिसतो. ओल्या फडक्यानं पुसलीत तर तेच केळफूल गर्द, तुकतुकीत होतं. दोन केळफुलं एक पुसलेलं, एक न पुसलेलं अशी शेजारी ठेवून बघा. दिवसागणिक एकेक पाकळी मागे वळून गळते. चार-पाच दिवस जातात. गळालेल्या पाकळ्या टाकू नका, होडीसारख्या असतात, त्यांत पणती बसत नाही पण हळदकुंकवाच्या पुड्या आणि सुपाऱ्या छान राहतात. आणि एक: फुलकिड्यांसाठी बऱ्याच बागांत केळफुलात औषध टोचतात. सजावट झाल्यावर त्याची भाजी करायचा बेत असेल तर बागवाल्याला आधी विचारा.

दुसरा कुर्डू. कपाशीत, तिळात, भुईमुगात निंदणीला बाया उपटून फेकतात तोच. कोवळेपणी भाजी, मोठा झाला की तुऱ्याला खालून चंदेरी आणि टोकाला गुलाबी-जांभळी छटा. टोक रंगीत आहे तोवरच तोडा. उशीर झाला की तुरा पांढरा पडतो आणि त्यातून बारीक चकचकीत काळं बी गळतं, पुढच्या पावसाळ्यात तुमच्या प्रत्येक कुंडीत कुर्डू उगवतो. वीस-पंचवीस तुरे सुतळीनं बांधून मडक्यात ठेवले की परदेशी फोटोतल्या त्या गवताच्या जुड्यांची उणीव भासत नाही. वाळल्यावर त्याचा रंग बराचसा चंदेरी होतो, तोही जांभळ्याशेजारी शोभतोच.

दसऱ्याच्या आसपास कापसाची पहिली वेचणी सुरू होते. फुटलेल्या बोंडांसकट दोन-चार पऱ्हाटीच्या फांद्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणा. पांढरं बोंड आणि वाळवलेला जांभळा गोंफ्रेना, एवढंच उंच मडक्यात. बैठकीतल्या कोपऱ्याला हे पुरतं, पाणी घालावं लागत नाही, तुळशीच्या लग्नापर्यंत हलत नाही. अळी पडलेली, अर्धवट फुटलेली किडकी बोंडं निवडून बाहेरच टाका, घरात आणू नका.

फोटोतल्या भोपळ्यांसाठी तर परदेशी बी नकोच, आपलं गंगाफळ आहे. पिकलेलं, फाका पडलेलं, मातकट पिवळ्या रंगाचं, देठासकट घ्या. साल कुठे खरचटलेली नसेल तर महिनोन् महिने टिकतं आणि शेवटी भाजी होते. त्याच्याजवळ टोपलीत लाल कांदे आणि जांभळी वांगी. भरताची वांगी नेऊ नका बरं. जळगावच्या ज्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते हिरवं असतं, ते भरितातच शोभतं. सजावटीला बाजारातली गोल काळी-जांभळी वांगी घ्या आणि सुरकुती पडायच्या आत चार दिवसांत बदला.

रानात डोकावलात तर रुईची फिकट जांभळी, मेणासारखी फुलं दिसतील. शनिवारी मारुतीला वाहतो तीच. टिकतात चांगली, पण चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरी इजा होते. तोडायची तर मोठ्यांनी, आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही. जांभळा धोतरा घरात आणूच नका, घरात पोरंबाळं असताना विषाची परीक्षा कशाला. गुलाबाईच्या कोपऱ्यात तर अजिबात नको, तिथं खाऊ ओळखायला जमलेल्या मुली हाताला लागेल ते उचलून बघतात.

आता रात्री काळं दिसण्याचं. उजेड कमी झाला की आपल्या डोळ्याला लाल आणि गडद रंग आधी दिसेनासे होतात. शिवाय पणतीचा उजेड पिवळा, त्यात निळा भाग फारच थोडा, म्हणजे जांभळ्यातला निळा दिसायला काही उरतच नाही. पिवळ्या एलईडी माळेचंही तेच. यावर उपाय दोन. दिवाळीच्या संध्याकाळी गर्द जांभळं पुढे न ठेवता मागे ठेवा आणि दिव्याजवळ फिकट जांभळं, पांढरं, चंदेरी येऊ द्या: न पुसलेलं केळफूल, कुर्डू, पांढरी शेवंती, निशिगंध. आणि ओट्यावरच्या मुख्य बल्बची निवड बदला. खोक्यावर ३००० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) लिहिलेला असतो तो पिवळा, ४००० के वाला घ्या. पणत्या हव्यात तेवढ्या लावा, हा एक बल्ब वरून असला की पर्पल हार्ट पुन्हा जांभळं दिसेल. कोजागिरीला गच्चीवर बसणार असाल तर गर्द जांभळं खालीच राहू द्या, चांदण्यात ते दिसणार नाही. पांढरी सदाफुली आणि कुर्डू वर न्या.

ओट्याची मांडणी. भिंत विटकरी किंवा चॉकलेटी असेल तर तिच्यापुढे जांभळं मरतं, पांढरी, पिवळी किंवा फिकट पिस्ता भिंत असेल तर उठतं. तुमची भिंत कोणती ते माहीत नाही. विटकरी असेल तर मागे पांढरी चादर नको, दोन केळीचे खांब उभे करा, तो पोपटी पडदा जांभळ्याला छान उठाव देतो. गेरू लावलेल्या कुंड्याही जांभळ्या पानांखाली मळकट दिसतात. त्या चुन्यानं पांढऱ्या करा किंवा गोणपाट गुंडाळा. तीन पायऱ्या आहेत तर तिन्हींवर दोन्हीकडे सारख्या कुंड्या शिपायांसारख्या उभ्या करू नका. एका बाजूला गर्दी करा: वरच्या पायरीवर पर्पल हार्टच्या दोन कुंड्या एकमेकींना खेटून, मधल्या पायरीवर पिवळा झेंडू, खाली निऑन मनीप्लांटचा पोपटी रंग पायरीवरून सांडलेला आणि त्याला टेकून गंगाफळ. दुसऱ्या बाजूला फक्त पितळेचं घंगाळ आणि त्यात कोलिअस. जांभळ्याला पिवळ्यासारखा सोबती नाही, आणि आपल्या दसऱ्याला पिवळा झेंडू तर असतोच. अंदाज म्हणून सांगतो, एकूण कुंड्यांतल्या निम्म्यापेक्षा थोड्या कमीच जांभळ्या ठेवा. सगळंच जांभळं केलं की दुरून ओट्यावर नुसता काळोख दिसतो.

माळ्यावरचं घंगाळ काढाल तेव्हा त्याला भोक पाडायचं मनात आणू नका. कुंडी आत नुसती ठेवा, खाली दोन विटांचे तुकडे. पाणी साचेल ते दर चार दिवसांनी ओता, आणि गोकर्ण सोडलेलं भांडं तर रोज रिकामं करून आठवड्यातून एकदा घासा. हेच दिवस डेंग्यूचे असतात, डासाची अंडी भांड्याच्या काठाला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

तोरणात जांभळं घालताना बहुतेक जण झेंडूच्या मधे एकेक गोंफ्रेना ओवतात आणि तो झेंडूत बुडून जातो. पाच-सहा गेंद एकत्र ओवा, मग झेंडू. आंब्याच्या गर्द पानाला जांभळं फूल थेट खेटवू नका, दोन्ही मंद दिसतात, मधे एक पांढरी शेवंती टाका. नवरात्रातला जांभळ्या रंगाचा दिवस ज्या वर्षी असेल त्या दिवशी बाजारात जांभळं फूल भाव खातं, म्हणून गोंफ्रेना दोन दिवस आधी घेऊन ठेवा, त्याला काही होत नाही. ॲस्टर तसा ठेवता येत नाही.

गुलाबाईसाठी फार काही लागत नाही. ती भादव्यातल्या पौर्णिमेला बसते तेव्हा तुमचं पर्पल हार्ट अजून कोवळं असणार. तिथं दोन कुर्डूच्या जुड्या आणि कोलिअसची एक कुंडी ठेवा. घरातल्या कोपऱ्यात कोलिअस फार दिवस राहिला तर फिका पडतो, दोन कुंड्या असतील तर चार-चार दिवसांनी ओट्यावरची आत आणि आतली ओट्यावर अशी अदलाबदल करा.

तुळशीच्या लग्नाला मांडवासाठी ऊस घेताना हिरवट-पिवळा न घेता काळपट जांभळ्या सालीचा शोधा, मिळतो. त्याच्या पेरांवरची पांढरी भुकटी वरून खाली ओल्या फडक्यानं पुसली की साल चमकते. चार ऊस, मधे मंजिऱ्यांनी डवरलेली कृष्णतुळस, वृंदावनाभोवती तोवर गर्द झालेलं पर्पल हार्ट आणि गोंफ्रेनाची मुंडावळी. तिथं झेंडू थोडाच ठेवा, तोवर लोकांचे डोळे झेंडूनं भरलेले असतात.

माती राहिली. नुसती काळी माती कुंडीत भरली की पाणी घातल्यावर चिखल आणि वाळल्यावर भेगा. एक भाग काळी माती, एक भाग जाड रेती, एक भाग कुजलेलं शेणखत असं मिसळा. खत ओलं, अर्धकच्चं असेल तर पर्पल हार्टचे शेंडे बुडातून सडतात. पाणी सकाळीच द्या आणि जमलं तर पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं. बोअरचंच असेल तर महिन्यातून एकदा कुंडी भरभरून पाणी सोडा म्हणजे साचलेले क्षार खालून वाहून जातील.

आज-उद्या पर्पल हार्टचे शेंडे मिळवा, कृष्णतुळशीच्या मंजिऱ्या खुडा, गोंफ्रेनाचं बी पेरा आणि शेवंती अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. गुलाबाईचं सोडलं तर बाकी बहुतेक दसऱ्याच्या आठवड्यात जमेल. पिटुनियाची रोपं देवदिवाळीनंतर घ्या, तेव्हाच शोभेच्या कोबीचीही विचारणा करून ठेवा.